लांबलेला स्वर

जॅझ वाजवणारा गिटारवादक रॉककडे वळला की त्याच्याविषयी दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात: लोकांना आवडेल ते वाजवायला लागला, आणि अवघड सोडून सोपे धरले. नागपुरात जॅझ ऐकणारी माणसे मोजकी आहेत आणि ती बहुतेक एकमेकांना ओळखतात, त्यामुळे ही वाक्ये मला परक्यांकडून नव्हे, तर ज्यांच्या कानांवर माझा भरवसा आहे अशा जवळच्या माणसांकडून ऐकायला मिळाली. गिटार, बास आणि ड्रम्स अशा तिघांच्या संचात, गायकाशिवाय, रॉक वाजवायला लागून आता मला बराच काळ झाला आहे. या काळात हातांत, कानांत आणि विचारांत काय काय बदलावे लागले ते मांडले, तर त्या दोन वाक्यांत कितपत तथ्य आहे हे वाचणाऱ्याला स्वतःच ठरवता येईल.

सुरुवात वाद्यापासून करावी लागते. जॅझमधली परंपरागत गिटार पोकळ पेटीची असते. तिच्यावर जाड, बाहेरून गुळगुळीत वेटोळ्यांच्या तारा चढवतात आणि अॅम्प्लिफायरमधून येणारा आवाज शक्य तितका स्वच्छ, किंचित मऊ ठेवतात. तार छेडली की तिची शक्ती पेटीच्या वरच्या पातळ फळीला मिळते, फळी हवा हलवते, आणि या देवाणघेवाणीत तारेचे बळ लवकर सरते. स्वर भरदार उमटतो, पण थोडाच वेळ टिकतो. जॅझ गिटारची सगळी भाषा या अल्पायुषी स्वरावर उभी राहिली आहे. एक स्वर विझण्याआधी दुसरा यावा लागतो, म्हणून ओळी लांब होतात, स्वर पुष्कळ लागतात, आणि खालच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ) बदलतील तशा त्या ओळी वळत राहतात. बत्तीस बारच्या, म्हणजे बहुधा चार-चार मात्रांच्या बत्तीस खंडांच्या, एखाद्या जुन्या गाण्यात कॉर्ड जवळजवळ दर बारला बदलते. त्या प्रत्येक बदलाची दखल घेत जागच्या जागी नवी ओळ रचणे, हेच मी वर्षानुवर्षे शिकत आलो होतो.

ही गिटार मोठ्या आवाजात टिकत नाही. अॅम्पचा आवाज वाढवला की स्पीकरमधून आलेली हवा पोकळ पेटीला हलवते, पेटी तारांना हलवते, तारांचे कंपन विजेत बदलणारा पिकअप ते पुन्हा अॅम्पकडे पाठवतो, आणि हे चक्र फिरत फिरत एका हुंकारात संपते, ज्याला सगळे वादक फीडबॅक म्हणतात. या अडचणीवरचा उपाय ज्यांनी शोधला त्यांत लेस पॉल हा जॅझ वाजवणारा, स्वतःचा ट्रिओ, म्हणजे तिघांचा संच, असलेला गिटारवादक होता, याचा विसर रॉकच्या आणि जॅझच्या, दोन्हीकडच्या अभिमान्यांना पडतो. १९४० च्या सुमारास त्याने चार इंच जाडीच्या एका लाकडी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून पाहिले, कारण त्याला फळी थरथरायला नको होती, फक्त तार थरथरायला हवी होती. ऐकणाऱ्यांना तो ओंडका पाहवेना, तेव्हा त्याने एका गिटारचे दोन अर्धे भाग त्याच्या दोन्ही बाजूंना जोडले. १९५२ मध्ये गिब्सन कंपनीने त्याच्या नावाची भरीव गिटार बाजारात आणली, आणि पुढे तीच रॉकच्या मंचावरची ठरलेली आकृती झाली. जास्त वेळ टिकणारा स्वर ही गरज जॅझमधल्या माणसालाही वाटली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण मी जिकडे गेलो ती वाट माझ्याच घरातून निघालेली होती.

त्याच वाटेवरचे दुसरे उदाहरण जॉनी स्मिथचे आहे. स्वच्छ, नाजूक आवाजाच्या या जॅझ गिटारवादकाने 'वॉक, डोन्ट रन' ही रचना १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित केली. तिच्यात दोन स्वररेषा एकमेकींना छेदत जातात आणि हात फार कुशल लागतो. चेट अॅटकिन्स या गिटारवादकाने ती आपल्या पद्धतीने वाजवली, ती व्हेंचर्स या संचाच्या कानावर पडली, आणि त्यांनी १९६० मध्ये केलेली तिची आवृत्ती अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. व्हेंचर्सनी जॉनी स्मिथचे बहुतेक सगळे बारकावे गाळले. सरळ ठेका, खाली उतरत जाणाऱ्या चार कॉर्ड आणि वरची चाल एवढेच ठेवले. मी दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ पुष्कळदा ऐकल्या आहेत. जॉनी स्मिथची आवृत्ती मला आजही अधिक सुंदर वाटते, आणि तरीही दुसरीने एक प्रश्न माझ्यापुढे ठेवला जो पहिलीने कधीच ठेवला नव्हता: स्वरसंगतीचा सगळा साज उतरवल्यावर तुझ्या चालीत काय उरते? गायक नसलेल्या रॉकमध्ये हा प्रश्न रोज विचारला जातो.

साज उतरवावा लागतो तो हट्ट म्हणून नव्हे. ध्वनीच्या नियमामुळे तो उतरवावाच लागतो. रॉकमध्ये अॅम्पला त्याच्या ताकदीपलीकडे रेटतात, ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, आणि त्या कापण्यातून मूळ आवाजात नसलेले नवे स्वर तयार होतात. एकच स्वर वाजत असेल तर हे नवे स्वर त्याच्याच पटीतले असतात, म्हणून तो अधिक भरीव, अधिक लांब आणि गळ्याच्या जवळचा वाटतो. दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि फरकाचे स्वरही उमटतात. षड्ज शंभर कंपनांचा आणि पंचम दीडशेचा धरला तर फरक पन्नासाचा, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच मिळतो. म्हणून रॉकमध्ये षड्ज-पंचमाची जोडी इतकी भक्कम ऐकू येते. गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गांधार मात्र समान वाटणीच्या सप्तकातला, नैसर्गिक गांधारापेक्षा थोडा चढा असतो, आणि फरकातून निघणारा स्वर कुठल्याच जागेवर नीट बसत नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवले त्यामागे मींड नसण्याच्या तक्रारीबरोबर याच चढ्या गांधाराची तक्रार होती. स्वच्छ आवाजात कान हा दोष खपवून घेतो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे अॅम्पचे हे रेटणे, तो दोष मोठा करून समोर ठेवतो. माझ्या हातात बसलेल्या जॅझच्या कॉर्डमध्ये गांधार असतो, निषाद असतो, वर रिषभ किंवा धैवत असतो. चार स्वरांत सहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आपापला गोंधळ घालते. जे मी स्वच्छ अॅम्पवर डोळे मिटून वाजवत असे, ते तिथे नुसता चिखल होते.

म्हणजे हाताला येणाऱ्या शंभर आकृत्यांपैकी बहुतेक बाजूला ठेवायच्या. ज्यांना हे सोपे वाटते त्यांनी एकदा आपल्याच शब्दसंग्रहावर अशी काट मारून बोलून पाहावे. पुढे मला एक मार्ग दिसला आणि तोही जॅझनेच दाखवला. मूळ स्वर बासकडे सोपवायचा, गिटारवर फक्त गांधार आणि निषाद ठेवायचे, तेही वरच्या पट्टीत, जिथे फरकाचे स्वर इतके खाली जाऊन कुजबुजत नाहीत. दोनच स्वर, पण कॉर्डची ओळख पटवायला पुरेसे. पियानोवादक डाव्या हाताने हेच करतात. कधी एकच स्वर ठेवायचा आणि बासवादकाने खालचा स्वर बदलला की त्या एकाच स्वराचा अर्थ बदलतो: तोच स्वर आधी पंचम असतो, मग गांधार होतो, मग निषाद. असे होते तेव्हा मला वाटते की स्वरसंगती मी सोडलेली नाही. ती आम्हा तिघांत वाटली गेली आहे.

तिघांच्या संचात कॉर्ड धरून ठेवणारे चौथे कोणी नसते, आणि हा प्रकारही रॉकने शोधलेला नाही. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सने १९५७ मध्ये पियानो वगळून फक्त बास आणि ड्रम्स घेऊन ध्वनिमुद्रणे केली, कारण त्याला ओळीला मोकळे अंगण हवे होते. पुढे क्रीम या रॉक ट्रिओमध्ये जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर हे दोघे जॅझमधून आले, आणि जिमी हेन्ड्रिक्सच्या मागे ड्रम्स वाजवणाऱ्या मिच मिचेलच्या हातांत जॅझ ड्रमर एल्विन जोन्सचे संस्कार स्पष्ट ऐकू येतात. मग १९६९ मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचातून बाहेर पडलेल्या तरुण टोनी विल्यम्सने लाइफटाइम हा ट्रिओ उभा केला: ड्रम्सवर तो, ऑर्गनवर लॅरी यंग, आणि गिटारवर इंग्लंडहून नुकताच आलेला जॉन मॅक्लॉफ्लिन. आपल्याकडे मॅक्लॉफ्लिन 'शक्ती' या संचामुळे, झाकिर हुसेन यांच्या साथीमुळे माहीत आहे. पण माझ्यासाठी त्याचे खरे धाडस या ट्रिओत आहे, जिथे जॅझमध्ये घडलेला हात त्या कर्कश, फाटलेल्या आवाजात बोलू लागतो आणि त्याचे विचार तिळभरही ढिले पडत नाहीत. ते ध्वनिमुद्रण ऐकायला सुखद नाही. मला ते दर वेळी नव्याने ऐकावे लागते.

आमचा बासवादक सदरमधल्या एका चर्चच्या गायकवृंदात वाढला. चार आवाजांपैकी सर्वांत खालचा आवाज गाताना वरच्या तिघांना कसे सांभाळायचे हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि म्हणून मी गाळलेला स्वर त्याला मागावा लागत नाही. ड्रमर त्याच्याहून बराच लहान, आणि तो धुमालमधून आलेला आहे. नागपूरच्या बाहेर धुमाल म्हणजे काय ते सांगावे लागते: वरातीत आणि मिरवणुकीत गाडीवर किंवा गाडीमागे वाजणारा ढोल-ताशे, ऑक्टोपॅड आणि की-बोर्डचा तो प्रचंड आवाज, ज्यात गाणारा माणूस नसतोच. की-बोर्डवर चाल वाजते, रस्ताभर माणसे नाचतात, आणि शब्द कुणालाच लागत नाहीत. या शहरात वाद्यांवर वाजलेली चाल मोठ्या आवाजात ऐकण्याची सवय अशी आधीपासून रुजलेली आहे. गायकाशिवायचे रॉक नागपुरात परके ठरेल असे मला सांगणाऱ्यांनी आपल्याच रस्त्यावरचे हे संगीत कधी संगीत म्हणून ऐकले नसावे.

ड्रमरने सुरुवातीच्या तालमींत मला एक गोष्ट सांगितली. "दादा, तुम्ही थांबतच नाही ना. तुम्ही थांबाल तेव्हाच तर मी काही करीन." जॅझमध्ये ड्रमर राइड सिंबलवर काळ वाहता ठेवतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट मिटतो, बास दर मात्रेला एक पाऊल टाकत चालतो, आणि या वाहत्या काळावर गिटारची ओळ पुढे-मागे झुकत राहते. सरळ, समान अर्ध्या मात्रांच्या रॉकमध्ये स्नेअर या ड्रमचा ठोका भिंतीसारखा उभा असतो, बास एकच आकृती पुन्हा पुन्हा वाजवते, आणि ओळ झुकली की ती चुकल्यासारखी वाटते. तबलावादनात लेहरा जे काम करतो ते काम इथे रिफ, म्हणजे ही पुन्हा पुन्हा येणारी आकृती, करतो: तो बदलत नाही, म्हणून इतरांनी केलेला बदल दिसतो. आणि म्हणून गिटारने सतत बोलणे इथे अडथळा ठरते. दोन बार एकच स्वर धरून ठेवावा, ड्रमरने त्याखालचा ठेका निम्मा करावा, पुन्हा दुप्पट करावा, आणि त्या धरलेल्या स्वराचे रूप त्यामुळे बदलत जावे, हे मला जॅझने शिकवले नव्हते. तिथे दोन बारांत मी पंधरा-वीस स्वर सहज खर्च केले असते.

लांबलेल्या स्वराचे करायचे काय, हा या सगळ्यातला मला सर्वांत समृद्ध वाटणारा भाग आहे. पोकळ गिटारवर तिसरी तारही वेटोळ्याची असते आणि ती ओढली तरी फारशी वर जात नाही. भरीव गिटारवर पातळ तारा चढवल्या की बोटाने तार ओढून सहज पूर्ण स्वर चढवता येतो, आणि तो चढताना मधल्या सगळ्या श्रुती ऐकू येतात. लहानपणी घरात सकाळी रेडिओ लागलेला असे आणि ख्यालातली मींड न कळतानाही कानात जात असे; तो साठा इतकी वर्षे माझ्या वादनाच्या बाहेर पडून होता, कारण जॅझच्या जाड तारांवर त्याला जागा नव्हती. तरी मी राग वाजवत नाही आणि आमच्या संगीताला फ्यूजन म्हणू देत नाही. तार साध्या पडद्यावर हलवून काढलेला कंप फक्त मूळ स्वराच्या वरच्या बाजूला जातो आणि परत येतो, गळ्यातल्या आंदोलनासारखा दोन्हीकडे झुलत नाही. आधीच अर्धी ओढून ठेवलेली तार मात्र दोन्हीकडे झुलवता येते. हा फरक ज्याच्या बोटाला कळला त्याने रागाचे नाव न घेताही पुष्कळ काम करावे. आणि ज्याला तो कळला नाही त्याने रागाचे नाव पत्रिकेवर छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अॅलन होल्ड्सवर्थ या इंग्लिश वादकाला लहानपणी सॅक्सोफोन हवा होता आणि हातात गिटार आली. डाव्या हाताच्या बोटांनीच स्वर जोडत, छेडण्याचा आवाज जवळजवळ पुसून टाकत, त्याने टिकणाऱ्या स्वराचा उपयोग फुंकीच्या वाद्यासारखा केला, आणि त्याच्या कॉर्ड जॅझमधल्या अनेकांपेक्षा गहन राहिल्या. जेफ बेक उलट्या दिशेने आला. रॉकमध्ये नाव कमावून १९७५ मध्ये त्याने पूर्ण वाद्यसंगीताचा अल्बम केला. पुढे पिक (तार छेडायचा प्लास्टिकचा तुकडा) बाजूला ठेवून तो अंगठ्याने आणि बोटांनी वाजवू लागला आणि आवाजाच्या बटणावर करंगळी ठेवून स्वराला श्वास देऊ लागला. जॅझचा वेस मॉन्टगोमेरी अंगठ्यानेच वाजवत असे. दोन टोकांकडून निघालेले दोघे अंगठ्याशी येऊन थांबले याचे कारण मला स्वच्छ दिसते: स्वर कसा सुरू होतो याची काळजी ज्याला आहे त्याला प्लास्टिकचा तुकडा आणि तार यांच्यामधला तो टणत्कार नको असतो.

नागपूरचे हवामान या वाद्यांना मानवत नाही, हेही सांगायला हवे. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंशांचा कोरडा भाजणारा वारा आणि खोलीत कूलरची ओल, या दोहोंमध्ये लाकडाची रोज ओढाताण होते. पोकळ गिटारची पातळ फळी त्यात फुगते, बसते, सूर सोडते. भरीव गिटार निमूटपणे सोसते, फक्त तिची मान मधूनमधून नीट करावी लागते. कूलरच्या घरघरीत स्वच्छ आवाजातली जॅझ गिटार निम्मी बुडून जाते, हा अनुभव या शहरातल्या प्रत्येक उन्हाळी बैठकीचा आहे. मोठ्या आवाजाला स्वतःची किंमत असतेच. शंभर डेसिबलच्या आवाजात कान सुरक्षित राहण्याची मर्यादा दिवसाला पंधरा मिनिटांची धरतात, आणि आमची तालीम त्याहून पुष्कळ लांबते; म्हणून तिघेही कानात बोळे घालूनच वाजवतो आणि नव्या मुलांना तसेच करायला सांगतो. ज्याच्या हयातीची कमाई कानात आहे त्याने यात संकोच करू नये.

कार्यक्रमात अजूनही कोणी ना कोणी जवळ येऊन विचारतो की गायक केव्हा येणार. मला त्या प्रश्नाचा राग येत नाही. आपल्या लोकांनी वाद्यावरची चाल मनापासून ऐकली आहे: व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली चित्रपटगीते कितीतरी घरांत तबकड्यांवर होती आणि रेडिओवर दोन कार्यक्रमांमधल्या फटीत ती वाजत. पण तिथे शब्द आधीच ऐकणाऱ्याच्या मनात असत आणि गिटार फक्त त्यांची आठवण करून देई. आमच्या चालींना मागे शब्द नाहीत. ज्याला आठवण्यासारखे काही नाही अशा माणसाला शेवटपर्यंत बसवून ठेवायचे, तर चालीची पहिली आठ बारच इतकी ठाम हवीत की ती परत आल्यावर त्याला ती ओळखता यावीत. जॅझमध्ये चाल एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी वाजवून मधला सगळा वेळ मी माझ्या कल्पनांना देत असे. आता मधला वेळही त्या चालीलाच द्यावा लागतो, आणि मी तो आनंदाने देतो.

वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, मग इतरही गुरूंकडे गेले, आणि त्यांचे घराणे कोणते हा वाद त्यांच्या हयातभर चालला. त्यांच्या नावाचे सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये आहे. गिटारच्या बाबतीत तसला वाद घालणाऱ्यांना मी त्यांच्या एकाच मैफलीतल्या ख्यालाचे, ठुमरीचे आणि नाट्यपदाचे ध्वनिमुद्रण ऐकवतो, कारण प्रकार बदलला तरी गाणाऱ्याची विचार करण्याची रीत कशी टिकते हे माझ्या कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा त्यात लवकर कळते.

सध्या आम्ही एका संथ रचनेवर काम करत आहोत. तिच्यात गिटारला सुरुवातीचे सोळा बार एकच पंचम धरायचा आहे आणि खालची सगळी वाटचाल बासची आहे. त्यानंतरचा भाग बासवादकाला सात मात्रांत हवा आहे, ड्रमरला तो चारांतच पण दुप्पट वजनाने हवा आहे, आणि मला त्या जागी पोकळ गिटार घेऊन, ओव्हरड्राइव्ह पूर्ण बंद करून, ती जुनी चार-चार स्वरांची कॉर्ड एकदाच, अगदी स्वच्छ वाजवून पाहायची आहे. फीडबॅक येऊ नये म्हणून त्या वेळी बासचा अॅम्प माझ्यापासून दूर, मंचाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा लागेल, आणि बासवादकाला ते मान्य नाही, कारण मग त्याला ड्रमरचा पाय ऐकू येत नाही. येत्या रविवारच्या तालमीत दोन्ही तऱ्हांनी मांडणी करून वाजवून पाहायचे ठरले आहे.